ब्रदर असतात का?

माझं माहेर श्रीवर्धनचं आणि नोकरी लागली ती पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात. जिल्हा एकच, पण सुपारीच्या वाडीत वाढलेल्या मला इथली बोली कानात बसायला दोनेक वर्षं लागली. गावात पूर्वी मिठागरं होती, आता थोडीच उरलीत. बहुतेक घरांतून कुणी ना कुणी बंदरावर गाडी चालवतो, नाहीतर गाडीचा मालक तरी असतो.

शाळेत मी विज्ञान शिकवते. एका जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, दहावीचं व्यवसाय मार्गदर्शन या वर्षीपासून तुमच्याकडे."

"म्हणजे काय काय करायचं, सर?"

"तक्ता आहे कपाटात, तो वर्गात लावा. आणि एखादं व्याख्यान ठेवा."

तक्ता लावला. 'दहावीनंतर काय?' असं वर लिहिलेलं आणि खाली फाटे फुटत गेलेले बाण. मुलं त्याच्याकडे ज्या नजरेनं मूलद्रव्यांच्या तक्त्याकडे बघायची, त्याच नजरेनं बघू लागली. मी एकेकाला उभं करून विचारलं, पुढं काय व्हायचंय? पोलीस. मिलिटरी. कंपनी.

"कंपनीत काय करणार?"

"कंपनीत म्हणजे... कंपनीत."

मग व्याख्यान ठेवलं. पनवेलहून एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले आणि तासभर ड्रोन, रोबो असं बरंच काही सांगून गेले. चांगलं बोलले. मुलांनी टाळ्याही वाजवल्या. ते गेल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिला प्रत्येक तासाला काहीतरी विचारायचंच असतं, ती उभी राहिली. "बाई, ती कामं करणारं कुणी आपल्याकडं आहे का? म्हणजे जाऊन बघता येईल असं?"

तिच्या त्या प्रश्नावर मी घरी जाईपर्यंत विचार करत राहिले. मी स्वतः शिक्षिका झाले ती चुलतबहीण डी.एड. करत होती म्हणून. वडील म्हणाले, तूही तेच कर, सोबत होईल. काम मला आवडलं हे माझं नशीब. पण ते आवडेल की नाही हे आधी बघायची सोय कुठं होती?

तेव्हा मी ठरवलं की शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधीचा तास काम करणाऱ्या माणसांना द्यायचा. आसपासचीच माणसं बोलवायची आणि त्यांना व्याख्यान द्यायला सांगायचं नाही. मुलांनी विचारायचं, त्यांनी सांगायचं. या कामात कसे आलात, कुठं शिकलात, कशाचा कंटाळा येतो, एवढं तरी विचारायचंच. पहिल्या शनिवारी वायरमन आले. नंतर एसटीच्या कंडक्टर बाई आल्या, त्यांनी तर वर्गाला तिकिटाचं मशीन हाताळायला दिलं. मग एका शनिवारी मी ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरना बोलावलं. पन्नाशीच्या, ठसठशीत आवाजाच्या. बोलता बोलता त्यांनी एका मुलाला खुर्चीत बसवून हाताला पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. सगळे पुढं सरसावून बघत होते.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला. उंच, हडकुळा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. त्याचा हात वर गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"सिस्टर, ब्रदर असतात का?"

वर्ग फुटला. मुलं बाकं बडवून हसली. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असतात तर! आमच्याकडं आहेत एक. जड पेशंट उचलायचा झाला की आम्ही आधी त्यांनाच हाक मारतो. का रे, तुला व्हायचंय?"

मुलगा खाली बसला तो परत उठला नाही. मी वर्गाला दटावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सोमवारपासून त्याला सगळे 'सिस्टर' म्हणू लागले. फळ्यावर कुणीतरी इंजेक्शन काढून ठेवलं. पुढचा शनिवार तो शाळेत आला नाही, त्याच्या पुढचाही नाही. इतर दिवशी यायचा, शनिवार चुकवायचा.

तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. रस्त्यालगतचं सिमेंटचं घर, बाजूला दोन ट्रेलर उभे राहतील एवढी मोकळी जागा, त्यातला एक उभा. ओटीवरच्या लोखंडी खाटेवर त्याचे आजोबा निजलेले होते. जन्मभर मिठागरात काम केलेला माणूस. वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि एक बाजू गेली. मुलगा त्यांना पेज भरवत होता. मला बघून तो उठायला लागला, तेवढ्यात आजोबा घशातून काहीतरी बोलले.

"बाई, पाच मिनिटं बसा हां," तो म्हणाला. "यांना कुशीवर करायचंय."

आणि मग मी जे बघितलं ते असं. त्यानं आधी आजोबांना सांगितलं, आता वळवतो. त्यांचा निकामी हात छातीवर घेतला, गुडघा वाकवला, खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून एका लयीत त्यांना वळवलं, पाठीमागं जुन्या चादरीची गुंडाळी लावली. पाठ उघडी करून नीट निरखली, पुसली, पावडर लावली. मधल्या वेळात आजोबांशी कालच्या क्रिकेटबद्दल गप्पा चालू. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा इथं एकसारखा बोलत होता.

"कुणी शिकवलं तुला?"

"हॉस्पिटलात होते तेव्हा तिथल्या ब्रदरना बघितलं. मग मोबाईलवर बघितलं." मग हळूच म्हणाला, "पाठीला जखम नाही होऊ दिली अजून."

आई चहा घेऊन आली. ती म्हणाली, "हाच करतो सगलं. मी शेतावर जाते, याचे पप्पा गाडीवर. हा हाय म्हनून चाललंय."

तेवढ्यात वडील आले. आडव्या बांध्याचे, उन्हानं रापलेले, रात्रभर गाडी चालवून आल्यानं डोळे लाल. दोन ट्रेलरचे मालक आणि त्यातल्या एकाचे ड्रायव्हरही तेच. माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी सांगितलं, मुलाच्या हाताला हे काम बसलंय, याचं रीतसर शिक्षण असतं, मुलंही घेतात.

"बाई, ते काय काम हाय? ते घरातलं," ते म्हणाले. "आन् नर्स? ते पोरींचं. अठरा वर्साचा झाला की लायसन काढतो याचं. एवढी वर्सं घालून गाड्या उभ्या केल्यात, त्या कोन बघनार?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच काळजी होती. मी वाद घातला नाही. उठताना मनात आलं ते बोलून टाकलं. "भाऊ, एका शनिवारी तुम्हीच या की शाळेत. ट्रेलर चालवणं हे काम काय असतं ते मुलांना सांगा."

"मी? मना काय बोलता येतंय?"

"मुलं विचारतील, तुम्ही उत्तरं द्या."

ते हसून नको म्हणाले. पण मुलाच्या आईनं मला दारापर्यंत पोचवताना सांगितलं, "येतील. मी लावून देते."

ते आले, आणि आले ते ट्रेलर घेऊन. मागचा सांगाडा सोडून नुसतं पुढचं तोंड शाळेच्या मैदानात आणून उभं केलं तेव्हा पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी शाळा खिडक्यांत आली. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले. मग तेही बाहेर आले आणि केबिनमध्ये चढून बसले. त्यांना उतरवायला थोडा वेळ लागला.

वर्ग मैदानातच भरला. तो मुलगाही त्या दिवशी आला होता, वडिलांनी आणलाच होता. तो सगळ्यांच्या मागं झाडाला टेकून उभा. वडिलांची सुरुवातीची वाक्यं अडखळत गेली, पण गिअर, ब्रेक, कंटेनर कसा लॉक करतात यावर मुलं तुटून पडली तसे ते खुलले. बंदराच्या गेटवर रांगेत कसं ताटकळावं लागतं, झोप आली तर ते काय करतात, घाटात भरलेली गाडी कशी उतरवतात, सगळं सांगितलं.

मग पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला हे काम आवडतं का?"

 त्यांनी गाडीच्या बंपरवर हात ठेवला. "हे कुनी कदी विचारलंच न्हाय," ते म्हणाले. "मामाच्या गाडीवर क्लीनर म्हनून गेलो, तिथनं स्टिअरिंगवर बसलो. आवडतं. गाडी आवडते. पन घर दिसत न्हाय. हा माजा पोरगा कवा चालायला लागला ते मना फोनवर कललं."

 त्या मुलीनं लगेच दुसरा प्रश्न विचारला. "मुलींना चालवता येतो का हा?"

आणि वर्ग हसला, तसाच, सिस्टरांच्या वेळी हसला होता तसा. कुणीतरी मागून ओरडलं, "ट्रेलरवाली!"

मुलाच्या वडिलांचा चेहरा एकदम बदलला. गाडीवर आवाज चढवायची सवय असलेला माणूस. "कोन हसला? हसायला काय झालं? गाडीला काय कलतं, पोरगा बसलाय का पोरगी? ज्याचा हात बसला त्यानं चालवावी. पोरी, ये गो, चढ वर." तिला त्यांनी केबिनमध्ये बसवलं, हॉर्न वाजवायला लावला. तिनं तो इतका जोरात आणि इतका वेळ वाजवला की हसणारेच कान झाकून पळाले.

मी झाडाकडे पाहिलं. मुलगा वडिलांकडे टक लावून बघत होता.

पुढं काय झालं ते मला सोमवारी कळलं. मुलाचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे होते, सुमो बाजूला लावलेली. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, पोरानं मना माज्याच बोलन्यात धरला. रात्री जेवताना बोलतो, पप्पा, पेशंटला काय कलतं, पोरगा हाय का पोरगी? ज्याचा हात बसला त्यानं करावं. मी काय बोलू आता?"

"मग काय बोललात?"

"काय बोलतोय! त्याची आय हसत बसली. आजा पन खाटेवरनं हसतोय." मग त्यांनीच विचारलं, "सायन्स घ्यायला लागतं काय त्याला?"

मला नक्की माहीत नव्हतं. मग मी फोन केले, त्या सिस्टरांना गाठलं, विचारत गेले. नर्सिंगचेही वेगवेगळे अभ्यासक्रम असतात. एक पदवीचा, त्याला बारावी सायन्स लागतं, जीवशास्त्रासकट. एक डिप्लोमाचा, त्याच्या अटी जरा सैल. एक फक्त मुलींसाठीच. तक्त्यावर या सगळ्याला मिळून एकच बाण होता. मी मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना एकत्र बसवून सांगितलं की याचं इंग्रजी कच्चं आहे, तिथं मेहनत लागेल, आणि मनासारखं झालं नाही तर डिप्लोमाची वाट आहे. दहावीला त्याला बरे गुण पडले. पेणच्या कॉलेजात सायन्सला गेला. संध्याकाळी इंग्रजीसाठी माझ्याकडे यायचा.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर आजोबा गेले. झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा ओटीवरची खाट काढून टाकलेली होती आणि मुलगा त्या रिकाम्या जागी भिंतीला टेकून बसला होता. त्यानंतर तो इंग्रजीला यायचा बंद झाला. महिन्याभरानं रस्त्यात दिसला तो ट्रेलरच्या केबिनमध्ये, वडिलांच्या शेजारी. मला बघून त्यानं मान वळवली.

वडीलच त्याला पुन्हा घेऊन आले. मला वाटलं होतं, ते खूश असतील. पण ते दाराशीच म्हणाले, "गाडीत बसतो, बोलत न्हाय. याचं काय ते बघा तुमी." आणि निघून गेले.

मुलगा खुर्चीत बसला. म्हणाला, "बाई, मी ते आजोबांसाठी करत होतो. आता कुणासाठी करू? परक्या माणसाचं मला जमणार नाही."

 जमेल रे, असं म्हणणं सोपं होतं, पण ते मला तरी कुठं ठाऊक होतं? मी म्हटलं, "जमतं का ते बघून ये. नाही जमलं तर गाडी आहेच, आणि त्यात वाईट काही नाही."

त्या सिस्टरांनीच रदबदली केली. ओळखीच्या डॉक्टरांच्या लहानशा दवाखान्यात नाताळच्या सुट्टीत त्याला रोज सकाळी येऊ द्यायचं ठरलं. औषधाला, सुईला हात लावायचा नाही. तिथल्या ब्रदरच्या मागं मागं राहायचं, चादरी बदलायच्या, पाणी द्यायचं, कुणाला उठवून बसवायचं तर मदत करायची.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या घरी आला तो पडेल चेहऱ्यानं. एका म्हाताऱ्या कोळ्याचं मांडीचं हाड मोडलं होतं, त्याचं अंग पुसायला गेला तर त्यानं याच्या हातातला टॉवेल भिरकावून दिला.

"शिव्या दिल्या बाई त्यानं. आईवरून. मी कधी ऐकल्या नव्हत्या अशा."

"मग?"

"मग ब्रदर म्हणाले, दुखतंय त्याला, तुला नाही देत आहे तो शिव्या."

"उद्या जाणार का?"

त्यानं खांदे उडवले. 

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन करणार होते तेवढ्यात दारात उभा. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"बाई, त्यानं आजही शिव्या दिल्या."

"आणि तू हसतोस?"

"आज पुसून झाल्यावर दिल्या. म्हणाला, काल पाठीला चांगली पावडर लावलीस, आज कमी का लावतोस?"

आम्ही दोघंही खूप हसलो. त्याला डोळे पुसावे लागले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "काल सकाळी मी जाणारच नव्हतो. बसस्टॉपपर्यंत गेलो आणि परत फिरलो. मग मनात आलं, त्याला आता कोण वळवणार? आणि गेलो. परत जायला मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई."

सुट्टी संपली आणि तो पुस्तक घेऊन बसला. पदवीच्या प्रवेशाला त्याचे गुण कमी पडले. त्या दिवशी तो नाराज झाला, मीही झाले. पण डिप्लोमाला अलिबागच्या बाजूला जागा मिळाली आणि तो हॉस्टेलवर राहायला गेला. त्याच्या वर्गात मुली पुष्कळ, मुलं मोजकी. सुरुवातीला गावातल्या पोरांनी पुन्हा 'सिस्टर' म्हणून बघितलं. त्याचं त्यालाच हसू यायला लागल्यावर त्यातली मजा गेली. वडिलांनी दुसऱ्या गाडीवर जसा ड्रायव्हर ठेवला होता तसा पहिल्या गाडीवरही ठेवला आणि आठवड्यातले काही दिवस स्वतः घरी राहू लागले. मुलाच्या आईनं एकदा मला सांगितलं की एवढा वेळ घरात माणूस बघायची तिलाच सवय नाही.

पहिल्या बाकावरची ती मुलगी ट्रेलर चालवत नाही. ती कॉमर्स करून बंदराजवळच्या एका गोदामात लागली. कुठल्या गाडीनं कुठं उभं राहायचं हे आता ती गाडीवाल्यांना सांगते, आणि ते ऐकतात म्हणे.

गेल्या वर्षी नर्सिंगच्या मुलांचा शपथेचा कार्यक्रम होता. त्याचे वडील मला घ्यायला आले, सुमोत मागं मुलाची आई नवं पातळ नेसून बसलेली. हॉलमध्ये मुलं-मुली पांढऱ्या पोशाखात रांगेनं उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात पेटती पणती होती. सगळ्यांनी एका सुरात शपथ घेतली. आमचा मुलगा सगळ्यांत उंच, त्यामुळं शोधावा लागला नाही. त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला तो खाली घेतलाच नाही. वडील मात्र कोरडे, ताठ बसलेले. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसानं त्यांना विचारलं, "तुमची मुलगी कुठली?"

"मुलगी न्हाय," ते म्हणाले. "तो बघा, मागच्या रांगेत, उंच. माजा पोरगा." आणि मग त्या बिचाऱ्याला कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

परत येताना वडखळला चहाला थांबलो. मुलाच्या आईनं वडापाव मागवले. वडील टेबलावर कोपरं टेकून विचार करत बसले होते.

"बाई, हे झाल्यावर पुढं काय शिकता येतं याच्यात? ते एक सर सांगत व्हते, मोठ्या आजाराच्या खोलीतलं येगलं शिक्शन असतं म्हनून."

"आयसीयूचं. असतं. डिप्लोमानंतर पदवीपर्यंतही जाता येतं. पण कुठं, कसं, ते मला सगळं माहीत नाही. विचारून सांगते."

"विचारा. त्याला पन विचारतो मी, त्याला काय आवडतं ते." वडापाव आले. त्यांनी पहिली बशी माझ्यापुढं सरकवली. "घ्या, गरम हाय. माज्या दुसऱ्या गाडीवरच्या ड्रायव्हरची पोरगी हाय, बाई. यंदा दहावीला. चित्रं काढते दिवसभर. तिचा बाप बोलतो, चित्रांचं काय करायचं? मी त्याला बोललो, गप बस, आदी बाईंना विचारू. सोमवारी आनू काय तिला?"

"आणा," मी म्हटलं. "आणि तिची चित्रंही आणा."